‘त्याला रडताना बघायचंय का, काका?’

मी दोनदा फसलो. पहिल्यांदा शेअरच्या खोट्या अ‍ॅपमध्ये ११ लाख ४० हजार गेले, दुसऱ्यांदा २ लाख ८६ हजार ५००. पहिल्यासारख्या फसवणुकीबद्दल आता लोक बऱ्यापैकी सावध झालेत. पेपरात रोज बातमी असते, बँकेत फलक लागलेत, मधे तर फोन लावला की आधी सूचना ऐकू यायची. दुसऱ्या फसवणुकीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, कारण ती सांगायला जीभ उचलत नाही. मीही वर्षभर गप्प होतो. पण गेल्या महिन्यात आमच्या आळीतल्या एका निवृत्त मास्तरांना अगदी तसाच फोन आला. त्यांचेही पैसे आधी बुडालेले होते. ते मला म्हणाले, “पैशाचं जाऊ द्या हो, पण तो फसवणारा माणूस सापडतोय म्हणे.” त्यांच्या डोळ्यांतली चमक माझ्या ओळखीची होती. म्हणून हे लिहितोय.

मी साताऱ्यात राहतो. पाटबंधारे खात्यात ३३ वर्षं लिपिक होतो, २०२३ मध्ये निवृत्त झालो. ऑगस्ट २०२४ मध्ये फेसबुकवरच्या एका जाहिरातीवरून शेअरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये गेलो. रोज सकाळी ‘सर’ सल्ला द्यायचे आणि बाकीचे नफ्याचे फोटो टाकायचे. लिंकवरून एक अ‍ॅप घ्यायला लावलं. सुरुवातीला ५,००० रुपये काढूनही दिले, आणि तिथेच माझा विश्वास बसला. मग सहा वेळा पैसे भरले, दर वेळी वेगळ्या माणसाच्या नावावरच्या खात्यात. अ‍ॅपवर ३८ लाख दिसायला लागले. दसऱ्याच्या तोंडावर काही रक्कम काढायला गेलो, तेव्हा ‘आधी २० टक्के कर भरा’ असं उत्तर आलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. खरे शेअर घेतले असते तर कुणाकडे कुठले शेअर आहेत याची नोंद ठेवणाऱ्या सीडीएसएल किंवा एनएसडीएल या संस्थांकडे माझ्या नावावर दिसले असते, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याची शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे नोंदणी आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतं. मी तेही बघितलं नाही.

शरमेपोटी पाच दिवस कुणाला काही बोललो नाही. त्या पाच दिवसांनी माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन केला, तर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात सरकायच्या आत बँका ते अडवून ठेवू शकतात. मी सोमवारी, १४ ऑक्टोबरला तक्रार केली, तोवर सहापैकी एकाच खात्यात ६२,३०० रुपये उरले होते. तेवढे गोठवले गेले.

इथून पुढचं नीट वाचा, कारण खरी गोष्ट इथे सुरू होते.

माझ्याकडे आरटीजीएसची एक पावती होती, ४ लाखांची, सगळ्यात मोठ्या हप्त्याची. तिच्यावर ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव छापलेलं होतं. ‘सर’ खोटे, ग्रुपमधली माणसं खोटी, अ‍ॅप खोटं. या सगळ्यात ते एकच नाव खरं होतं. मी त्या नावाला धरून बसलो. रात्री दोनला जाग यायची आणि ते नाव डोक्यात घण घालायचं. चहा घेताना, अजिंक्यताऱ्याची चढण चढताना, देवाला हात जोडतानासुद्धा मी मनातल्या मनात त्या माणसाला बडवत असायचो. पैसे परत यावेत असं वाटायचं, पण खरं सांगतो, त्याहून जास्त वाटायचं की हा भेटावा. त्याने आपल्यासमोर गुडघे टेकावेत. आपण ३३ वर्षं एका रुपयाचा घोळ केला नाही आणि हा मोकळा हिंडतो, हे सहन होत नव्हतं. मी याला सूड म्हणत नव्हतो, न्याय म्हणत होतो. आतून दोन्ही सारखेच लागतात, हा माझा अनुभव आहे.

पोलिसांकडे जायचो तेव्हा ते शांतपणे सांगायचे की तपास चालू आहे, खाती चार राज्यांत पसरलेली आहेत, बँकांची उत्तरं यायची आहेत. तक्रार केल्याच्या दुसऱ्याच दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि पाठोपाठ बंदोबस्त आला. त्यांचं चुकत नव्हतं. पण माझ्या पोटात आग पेटलेली आणि समोरून ‘कळवू’ हा शब्द. या दोहोंच्या मधे जी जागा मोकळी राहते, तिथेच दुसरे चोर दबा धरून बसलेले असतात.

दिवाळीच्या आसपास फेसबुकवर सायबर फसवणुकीबद्दलची एक बातमी दिसली. तिच्याखाली मी रागाच्या भरात सगळी हकीकत लिहिली आणि पुरावा म्हणून तक्रारीच्या पोचपावतीचा फोटोही लावला. तक्रार क्रमांक, तारीख, रक्कम, सगळं त्यात होतं. दोन दिवसांनी फोन आला.

तो स्वच्छ मराठी बोलत होता. माझा तक्रार क्रमांक त्याला पाठ होता, आणि मला वाटलं, हा आतलाच माणूस असणार. सायबर विभागातल्या एका निवृत्त अधिकाऱ्यासाठी काम करतो म्हणाला. पैसे परत मिळवून देतो, असं त्याने एकदाही ठासून सांगितलं नाही. तसं सांगितलं असतं तर मी कदाचित सावध झालो असतो, कारण एकदा तोंड पोळलेलं होतं. तो म्हणाला, “काका, पैसे येतील तेव्हा येतील, मी खोटं आश्वासन देणार नाही. पण ज्याच्या खात्यात तुमचे चार लाख गेले ना, तो कुठे आहे ते आम्हाला कळलंय.” मग थोडं थांबून म्हणाला, “त्याला रडताना बघायचंय का, काका?”

माझ्या अंगावर काटा आला. महिन्याभरात पहिल्यांदाच कुणीतरी मला काय हवंय ते विचारलं होतं.

फाइल उघडायचे ४,५०० मागितले, मी दिले. मोबाइलचं लोकेशन काढायचे १८,०००. मग त्याने एक फोटो पाठवला. विशीतला पोरगा, चेक्सचा शर्ट, वरचं बटण तुटलेलं, मागे निळ्या रंगाची भिंत. ‘हाच तो.’ त्या नावाला आता चेहरा मिळाला. मी तो फोटो किती वेळा मोठा करकरून बघितला याला गणती नाही. त्याच्या हसण्यात मला मस्ती दिसायची, डोळ्यांत लबाडी दिसायची. आज तोच फोटो बघतो तर एक साधा पोरगा दिसतो, कुठल्यातरी लग्नाबिग्नात उभा असावा तसा. तेव्हा मात्र मी तो फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला, सोसायटीच्या टाकला, जुन्या खात्यातल्या मित्रांच्याही टाकला. वर त्या पावतीवरचं नाव आणि खाली ‘हाच तो चोर, ओळखत असाल तर सांगा, जास्तीत जास्त लोकांना पाठवा.’ लोकांनी पाठवलाही.

मग परराज्यातल्या पोलिसांच्या वॉरंटसाठी ४९,०००. वकिलासाठी ७५,०००. मतदान २० नोव्हेंबरला होतं, ‘बंदोबस्तातून माणसं काढायची म्हणजे खर्च आहे, काका’ असं तो म्हणायचा. पेपरातलं खरं वाक्य उचलून त्यात आपलं खोटं कसं मिसळायचं, हे या लोकांना बरोबर जमतं. शेवटची रक्कम १ लाख ४० हजारांची होती. ती भरली की पोरगा ताब्यात येणार आणि मला व्हिडिओ मिळणार. माझ्याकडे तेवढे उरले नव्हते. बायकोच्या पाटल्या कपाटात होत्या. तिला न सांगता पतसंस्थेत गहाण ठेवल्या. हे लिहिताना हात थरथरतोय, पण हेच लिहिणं सगळ्यात गरजेचं आहे. लोभाने मी स्वतःचे पैसे घालवले होते, तिच्या दागिन्याला हात लावला नव्हता. तिच्या पाटल्यांपर्यंत मला नेलं ते रागाने.

व्हिडिओ आला. चाळीसेक सेकंदांचा. एक पोरगा भिंतीशी उकिडवा बसलाय, चेहरा पुसट केलेला. बाजूला खाकी पँट घातलेल्या माणसाचे फक्त पाय दिसतात. आवाज येतो, “माग माफी.” पोरगा हात जोडतो आणि हुंदका देतो. त्या रात्री तो व्हिडिओ मी वीस-पंचवीस वेळा बघितला आणि कित्येक दिवसांनी गाढ झोपलो.

सकाळी उठलो तर पुन्हा तेच. उलट जास्तच. आता वाटत होतं, एवढ्याशा रडण्याने काय होतंय? त्याला कळलं तरी का, कुणाचे पैसे होते ते? माझं नाव घेऊन का नाही माफी मागितली? दुपारी त्यांचा फोन आला: त्याचा जामीन होऊ द्यायचा नसेल तर २ लाख लागतील. आणि मी नाही म्हणालो नाही. कुणाकडून उसने घेता येतील, याचा विचार करत बसलो.

मी वाचलो तो निव्वळ योगायोगाने. ६२,३०० रुपयांच्या कागदावर सही करायला मला सायबर पोलीस ठाण्यात बोलावलं होतं. तिथल्या हवालदार मॅडमना मी मोठ्या ताठ्यात म्हणालो, “तुमच्याने झालं नाही ते मी केलं, बघा.” आणि फोन पुढे केला. त्यांनी व्हिडिओ पूर्ण बघितला. रागावल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, “बसा काका. हा व्हिडिओ मी तिसऱ्यांदा बघतेय. आधी दोघांना आलाय. त्या दोघांनाही हाच पोरगा त्यांचा चोर म्हणून दाखवलाय.” मग बोटाने पडद्यावर दाखवलं: त्या खाकी पँटखाली पांढऱ्या पट्ट्यांचे खेळाचे बूट होते. वीस-पंचवीस वेळा बघूनही ते माझ्या नजरेला पडले नव्हते. मी फक्त रडणाऱ्याकडे बघत होतो.

पोलीस कधीही, कुठल्याही कारणासाठी तक्रारदाराकडे तपासाचे पैसे मागत नाहीत. फाइल, वॉरंट, लोकेशन, सरकारी वकील, यांतल्या कशाचीही फी तक्रारदाराच्या डोक्यावर नसते. तक्रार फुकट असते. गोठवलेली रक्कम परत मिळते ती रीतसर, माझ्या बाबतीत न्यायालयाच्या आदेशाने मिळाली, आणि त्यासाठी कुणा मध्यस्थाच्या खात्यात एक रुपया भरावा लागला नाही. अटक केलेल्या माणसाला तक्रारदारासाठी रडवून त्याचा व्हिडिओ पाठवणं हे तर कुठल्याच कायद्यात बसत नाही. ज्याला आपण अजूनही चारसोबीस म्हणतो, तो गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे, आणि त्यातल्या पोटकलम ४ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ती देणार न्यायाधीश, खटला चालवून, पुरावे बघून. एवढं मला ३३ वर्षांच्या सरकारी नोकरीनंतर समजायला हवं होतं. कागदाशिवाय शिपायाची बदलीसुद्धा होत नाही हे मला ठाऊक होतं. तरीही फोनवरच्या एका माणसाने अटक करवली, यावर मी विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचा होता.

माझी भाची पुण्यात मानसशास्त्र शिकते. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. म्हणाली, “मामा, तू वेडा नाहीस. माणसाचा मेंदूच असा आहे.” तिने मला २००४ मध्ये झ्युरिकमध्ये झालेल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. तो ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला होता. दोन अनोळखी माणसांत खऱ्या पैशांचा खेळ होता. पहिल्याने विश्वासाने आपले पैसे दुसऱ्याला दिले की ते चौपट व्हायचे, आणि दुसऱ्याने इमानदारीने त्यातला अर्धा वाटा परत करायचा. दुसऱ्याने दगा दिला तर पहिल्याला त्याचा दंड करायची मुभा होती, पण काही वेळा त्यासाठी पदरचे पैसे घालावे लागत. लोकांनी ते घातले. त्या वेळी त्यांच्या मेंदूचं चित्र घेतलं, तर बक्षीस मिळताना जो भाग जागा होतो तोच जागा झालेला दिसला. ज्यांच्यात तो जास्त जागा झाला, ते दंडासाठी जास्त पैसे मोजायला तयार होते.

हे ऐकून मी बराच वेळ काही बोललो नाही. ४,५००, १८,०००, ४९,०००, ७५,०००, १ लाख ४० हजार. माझा हिशेब त्यात जसाच्या तसा मांडलेला होता.

फसवणाऱ्याला शिक्षा व्हावी ही ओढ वाईट नाही, असंही तिने सांगितलं, आणि ते मला पटतं. ही ओढ नसती तर गावगाडा चालला नसता. पदरमोड करून दगाबाजाला धडा शिकवणारी माणसं असतात म्हणून बाकीचे सरळ वागतात. अडचण अशी की आता या ओढीलाच गिऱ्हाईक समजणारे लोक आलेत. पहिल्या चोरांकडच्या फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात, किंवा आपणच रागाच्या भरात आपलं नाव-गाव-रक्कम जाहीर करतो. मग ज्याला एकदा लुटलंय त्याच्याकडे शिक्षा विकायला येतात.

तिने आणखी एक अभ्यास दाखवला, २००८ चा, केविन कार्लस्मिथ, टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट या अमेरिकेतल्या तिघांचा. त्यातही खेळात एक जण बाकीच्यांना फसवतो. काहींना त्याला दंड करायची संधी दिली, काहींना दिली नाही. दंड केला की बरं वाटेल, असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात दंड करणाऱ्यांनाच जास्त वाईट वाटत राहिलं, कारण ते त्या माणसाचाच विचार करत बसले. संधी न मिळालेले लवकर दुसऱ्या गोष्टींकडे वळले. व्हिडिओच्या दुसऱ्या दिवशीची माझी सकाळ मला आठवली.

लहानपणी कीर्तनात अश्वत्थाम्याची गोष्ट ऐकायचो. बापाच्या वधाचा सूड म्हणून तो रात्री छावणीत शिरला आणि पांडव समजून झोपलेल्या पोरांना मारून आला. आजही कपाळावरच्या जखमेला तेल मागत दारोदार हिंडतो म्हणतात. लहानपणी जखमेची भीती वाटायची. आता त्यातला ‘पांडव समजून’ हा शब्द जास्त टोचतो.

कारण खात्यावरच्या त्या नावाचा खरा माणूस पुढे फेब्रुवारीत पोलिसांना सापडला. बावीस वर्षांचा, दुसऱ्या राज्यातला, मजुरी करणारा. कुणीतरी त्याला ५,००० रुपये देऊन त्याच्या नावावर खातं उघडून घेतलं होतं. पासबुक, एटीएम कार्ड, सिमकार्ड, सगळं घेऊन गेले. अशा खात्यांना भाड्याची खाती म्हणतात, आणि ते देणंही गुन्हाच आहे, त्याची चौकशी चालू आहे. पण माझ्या ११ लाखांतले त्याच्या हाती आले पाच हजार. ज्यांनी बाकीचे खाल्ले त्यांची नावंही मला माहीत नाहीत. तुमच्या घरातल्या कॉलेजच्या पोरांना हे जरूर सांगा: ‘फक्त खातं दे, बाकी आम्ही बघतो’ असं म्हणणाऱ्याला हाकलून लावा.

बायकोला मी जानेवारीतच सांगितलं होतं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, “अहो, पाटल्यांचं दुःख नाही. रात्र-रात्र तुम्ही फोनकडे बघत दात-ओठ खायचात, तेव्हा मला तुमची भीती वाटायची. ते मला आधी सांगायचं होतं.” न्यायालयाच्या आदेशाने ६२,३०० खात्यावर आले तेव्हा ते सगळे कर्जात भरले. बाकीचं पेन्शनमधून फेडतोय. कपाटाच्या दाराला आतून तिने १९३० हा आकडा जाड पेनाने लिहून चिकटवलाय.

तुमच्या ओळखीत कुणी एकदा फसलं असेल, तर त्याला ‘कसा काय फसलास’ असं विचारू नका. त्याच्याशी रोज थोडं बोला. त्याला कुणाचे फोन येतात, तो कुठे काय लिहितो, तक्रारीचा कागद कुणाला दाखवतो, याची चौकशी करा. आमच्या आळीतल्या मास्तरांना मी स्वतः सायबर पोलीस ठाण्यात घेऊन गेलो. त्यांचे फक्त ६,००० गेले होते. त्यांच्या फोनमध्येही एक फोटो होता. पोरगा वेगळा, पण भिंत तीच निळी.

माझ्याकडच्या फोटोचं राहिलंच. पोलिसांना सापडलेला तो मजूर पोरगा वेगळाच निघाला, फोटोशी त्याचा काही संबंध नव्हता. म्हणजे चेक्सच्या शर्टातल्या ज्या पोराला मी तीन ग्रुपांवर चोर ठरवलं, त्याने माझा एक पैसाही घेतलेला नव्हता. हवालदार मॅडम म्हणाल्या की त्याने तक्रार केली असती तर बदनामीचा गुन्हा माझ्यावर लागला असता. मी तिन्ही ग्रुपांवर माफी मागितली, फोटो पुसायला सांगितलं. काहींनी पुसला. पण तोवर तो कुठे कुठे गेला होता. आमच्या भावकीतल्या एकाला तो नगरहून परत आला, माझ्याच शब्दांसकट. मी पुन्हा पोलिसांकडे गेलो आणि म्हणालो, या पोराला शोधा, मला त्याची माफी मागायचीय. त्यांनी प्रयत्न केला. तो कोण, कुठला, अजून कुणालाच कळलेलं नाही.